पूर, माशी आणि परवानगी : ओकावांगोतील सफारीचा इतिहास

अंगोलाच्या मध्यवर्ती पठारावर पडणारा पाऊस कुबांगो आणि कुइटो या दोन नद्यांतून दक्षिणेकडे उतरतो. दोघींचा संगम झाल्यावर ओकावांगो नदी आग्नेयेकडे वळते, नामिबियाची एक चिंचोळी पट्टी ओलांडते आणि मोहेंबो या गावापाशी बोत्स्वानात शिरते. समुद्राची दिशा तिने कधीच सोडून दिलेली असते. मोहेंबोपासून पुढचे सुमारे शंभर किलोमीटर ती दोन समांतर भ्रंशांच्या मधल्या सखल पट्टीतून नागमोडी वाहते. त्यानंतर आडवा आलेला आणखी एक भ्रंश ओलांडला की तिचे पाणी पंख्यासारखे पसरते. कालाहारीच्या वाळूवर पसरलेला हा पंखा म्हणजेच ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश. त्याच्या दक्षिण टोकाला थामालाकाने आणि कुन्येरे हे भ्रंश बांधासारखे उभे आहेत. तिथे उरलेसुरले पाणी अडते आणि कडेकडेने वाहून जाते.

वर्षाकाठी साधारण 11 घन किलोमीटर पाणी या प्रदेशात येते. त्यातला बहुतेक भाग उन्हाने आणि झाडापानांतून हवेत उडून जातो, थोडा वाळूत जिरतो आणि शेकड्याला जेमतेम दोन भाग पलीकडे बाहेर पडतो. एवढे पाणी उडून गेल्यावर मागे मीठ उरायला हवे, आणि ते उरतेही. मात्र ते साऱ्या प्रदेशात पसरत नाही. इथली कित्येक बेटे वाळवीच्या वारुळांपासून सुरू झाली. वारुळाच्या उंचवट्यावर झाडे रुजली, झाडांनी भोवतालचे पाणी मुळांनी ओढले आणि मीठ बेटाच्या पोटात साचत गेले. म्हणून मोठ्या बेटांच्या कडेला गर्द झाडी आणि मधोमध पांढरट, उजाड माळ दिसतो. आजूबाजूचे पाणी गोड राहते ते याच व्यवस्थेमुळे. पाणी कोणत्या फाट्याने जाईल हे ठरवण्यातही सजीवांचा वाटा मोठा आहे. लव्हाळ्याच्या कुळातला उंच पपायरस प्रवाह अडवतो, तर पाणघोड्यांच्या रोजच्या वाटा नवे प्रवाह खोदतात.

या प्रदेशातील प्रवासाचा सगळा इतिहास एका गोष्टीभोवती फिरतो : पूर इथे पावसाबरोबर येत नाही. अंगोलात नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल पाऊस पडतो. ते पाणी मोहेंबोला पोचेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. पुढे सुमारे अडीचशे किलोमीटरच्या अंतरात जमिनीचा उतार साठ-पासष्ट मीटरांहून फारसा जास्त नाही. लव्हाळ्यांतून वाट काढत सरकणाऱ्या पाण्याला माऊन गावापर्यंत यायला आणखी तीन-चार महिने लागतात. तोवर बोत्स्वानातला स्वतःचा पाऊस कधीच संपलेला असतो. भोवतालचा मुलूख सुकलेला, डबकी आटलेली, आणि नेमक्या त्या जून ते ऑगस्टच्या हिवाळी, कोरड्या दिवसांत त्रिभुज प्रदेश पाण्याने भरतो. मग शेकडो किलोमीटरच्या परिसरातील हत्ती, रानम्हशी, झेब्रे पाण्याकडे ओढले जातात आणि त्यांच्यामागे सिंह, बिबटे, रानकुत्री येतात. पाण्याखालच्या भूभागाचे क्षेत्रफळ ऋतूप्रमाणे सुमारे 6,000 पासून 15,000 चौरस किलोमीटरपर्यंत बदलते. ज्या देशाच्या चलनाचे नावच ‘पुला’, म्हणजे पाऊस, आहे, त्या देशातला हा पूर दुसऱ्या देशाच्या पावसावर येतो.

या पाण्यात हिंडण्याची विद्या सर्वांत आधी ज्यांनी मिळवली ते बुगाक्वे आणि अनिक्वे. पाण्याच्या कडेने राहणारे, मासेमारी, कंदमुळे आणि शिकार यांवर जगणारे, सान वंशाचे हे समाज इथले सर्वांत जुने रहिवासी मानले जातात. अठराव्या शतकात ईशान्येकडील चोबे-लिन्यांती नद्यांच्या बाजूने वायेयी लोक आले. उत्तरेकडून आलेले हाम्बुकुशू नदीच्या चिंचोळ्या भागाकडे स्थिरावले. पाऊस पाडण्याच्या सामर्थ्यासाठी त्यांच्या प्रमुखांचा दूरवर दबदबा होता. वायेयींनी आणलेली वस्तू म्हणजे मोकोरो. एका अखंड खोडातून कोरून काढलेला हा अरुंद, उथळ डोंगा. त्यासाठी सॉसेज ट्रीचे किंवा जॅकलबेरीचे खोड निवडत. जॅकलबेरी हे महाराष्ट्रातील टेंभुर्णीच्या जवळच्या नात्यातले झाड. नावाड्याने मागच्या टोकाला उभे राहायचे आणि ‘न्गाशी’ नावाच्या लांब काठीने तळाची वाळू रेटत डोंगा पुढे न्यायचा. खोल पाण्यात काठी टेकत नाही, म्हणून वाट नेहमी उथळ, लव्हाळ्यांच्या कडेची. पाणघोडे कुठे डुंबतात, कोणता फाटा यंदा बुजला, कोणत्या महिन्यात कोणत्या बेटापर्यंत तळ लागतो, हे सगळे नावाड्याच्या डोक्यात. पुढे आलेल्या प्रत्येक परक्या प्रवाशाला याच ज्ञानाचा आधार घ्यावा लागला.

अठराव्या शतकाच्या अखेरच्या सुमारास बातावाना आले. दक्षिणेकडच्या बांग्वाटो या त्स्वाना राज्यातून फुटून निघालेली ही शाखा. गुरे राखणारे, संघटित राज्य चालवणारे बातावाना न्गामी सरोवराच्या परिसरात स्थिरावले आणि हळूहळू सगळ्या प्रदेशावर त्यांची सत्ता बसली. त्यांचा राजा ‘क्गोसी’, आणि ज्या खुल्या आवारात न्यायनिवाडा व सार्वजनिक चर्चा होते ती ‘क्गोत्ला’. या सत्तेत वायेयी आणि सान यांचे स्थान खालचे होते. त्यांच्याकडून शिकार, कातडी, मासे आणि श्रम घेतले जात, आणि कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वेठीला बांधलेली राहिली. ओकावांगोच्या रानाचे गोडवे गाताना हा भाग वगळला तर इतिहास अपुरा राहतो, कारण पाण्याचे खरे जाणकार आणि पाण्याचे मालक हे पुढे फार काळ वेगवेगळे राहिले.

1 ऑगस्ट 1849 रोजी मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन, विल्यम कॉटन ऑस्वेल आणि मंगो मरे हे तिघे न्गामी सरोवराच्या काठी पोचले. दोन महिन्यांपूर्वी, 1 जूनला, लिव्हिंगस्टनने कोलोबेंग येथील आपले ठाणे सोडले होते. मोहिमेचा मोठा खर्च ऑस्वेलने उचलला. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यात दहा वर्षे नोकरी करून, प्रकृती सुधारण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत आला होता आणि शिकारीत रमला होता. कालाहारी ओलांडून येणाऱ्या बैलगाड्यांच्या या प्रवासाला पुढच्या काळातील सफारीचा पूर्वज म्हणता येईल. त्याची आखणी दोन पाणवठ्यांमधील अंतर, बैलांची ताकद आणि वाटाड्यांचा भरवसा या तीन गोष्टींवर झाली होती.

वाळवंटाने न अडलेली ही मोहीम शेवटी परवानगीपाशी अडली. लिव्हिंगस्टनला सरोवरापलीकडे उत्तरेला, मकोलोलो राजा सेबित्वानेकडे जायचे होते. नुकत्याच गादीवर आलेल्या तरुण क्गोसी लेत्शोलाथेबेने वाटाडे द्यायला नकार दिला आणि पाहुण्यांना नदीपार नेऊ नये असा निरोप वायेयी नावाड्यांना धाडला. त्यामागे सरळ हिशेब होता. हे व्यापारी उत्तरेला पोचले तर बंदुकाही तिकडे पोचतील आणि बलाढ्य शेजारी आणखी बलाढ्य होतील. लिव्हिंगस्टनने पाण्यात उतरून स्वतः तराफा बांधायचा प्रयत्न केला, पण किडलेल्या लाकडांनी वजन पेलले नाही. त्या पाण्यात मगरी किती आहेत हे त्याला नंतर कळले. मोहीम तिथूनच परतली. या प्रदेशात कोण, कधी आणि कुठपर्यंत शिरणार हे ठरवण्याचा अधिकार इथल्या माणसांचा आहे, हे त्या प्रसंगात स्वच्छ दिसले. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत तो अधिकार कोणाच्या हाती गेला आणि कोणाच्या हातून निसटला, हाच सफारीच्या इतिहासाचा गाभा आहे.

सरोवराची बातमी केपटाऊनपर्यंत गेली आणि तिच्यामागोमाग हस्तिदंताचे व्यापारी आले. लिव्हिंगस्टनच्या नोंदीनुसार त्याच्या पहिल्या भेटीत तेरा शिलिंगांच्या एका बंदुकीला दहा मोठे सुळे मिळत होते, आणि मेलेल्या हत्तीचे सुळे इतर हाडांबरोबर रानात कुजत पडलेले त्याने पाहिले होते. दोनच वर्षांत त्यांची किंमत न जाणणारा माणूस तिथे उरला नाही. 1853 मध्ये चार्ल्स जॉन अँडरसन हा स्वीडिश वंशाचा प्रवासी पश्चिमेकडून न्गामीला आला आणि डोंग्याने ताओगे प्रवाहातून वरच्या बाजूला काही अंतर गेला. 1856 मध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकाने युरोपातल्या शिकाऱ्यांचे लक्ष या भागाकडे आणखी वेधले. त्स्वाना रिवाजाप्रमाणे पडलेल्या हत्तीचा जमिनीकडचा सुळा क्गोसीचा असे. त्यामुळे व्यापार वाढला तसा बातावाना राजांच्या हाती बंदुका आणि घोडे यांचा साठाही वाढला. 1884 मध्ये राजा लोबेंगुलाच्या न्देबेले सैन्याने चाल केली तेव्हा हा साठा आणि वायेयींचे डोंगे एकत्र आले. क्गोसी मोरेमी दुसरा याने शत्रूला खुतियाबासादी येथील बोरूंच्या बेटात आणि खोल पाण्यात ओढून नेले, आणि पाण्याची सवय नसलेले ते सैन्य तिथे मोडले. दुसऱ्याच वर्षी ब्रिटनने बेचुआनालँडवर, म्हणजे आजच्या बोत्स्वानावर, संरक्षक सत्ता जाहीर केली.

एवढी शिकार होऊनही त्रिभुज प्रदेशाचा अंतर्भाग वन्यप्राण्यांनी भरलेला राहिला, याचे श्रेय बऱ्याच अंशी एका माशीला जाते. त्सेत्से माशी चावली की गुरांना आणि घोड्यांना ‘नागाना’ नावाचा प्राणघातक रोग होतो, माणसांना निद्रारोग होतो. रानटी जनावरे मात्र हे जंतू अंगात बाळगूनही जगतात. बैलगाड्यांवर चालणाऱ्या काळात माशीचा पट्टा म्हणजे प्रत्यक्ष सरहद्द. शिकारी तिथवर येऊन बैल मागे ठेवत आणि पायी पुढे जात, नाहीतर वळसा घालत. गुराखीही तिथेच थांबत. आज नकाशावर संरक्षित म्हणून रंगवलेला बराचसा भाग त्या काळी गुरांना मज्जाव असलेला मुलूख होता.

1896 मध्ये उत्तरेकडून बुळकांडी आली. आफ्रिकेच्या दक्षिण भागाला गुरांच्या या रोगाची ओळख नव्हती. गुरांबरोबर रानम्हशी, कुडू अशी खूरवाली जनावरेही प्रचंड संख्येने मेली. ज्यांच्या रक्तावर माशी जगत होती तीच नाहीशी झाल्याने माशीचा पट्टा आक्रसला आणि गुरे आत सरकली. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत प्राण्यांची संख्या सावरली तशी माशीही परतली आणि वस्त्या मागे रेटू लागली. याच काळात पाण्याने कूस बदलली होती. पश्चिमेचा ताओगे प्रवाह लव्हाळ्यांनी बुजत गेला, न्गामी सरोवर आटले आणि पाण्याचा भर पूर्वेकडे वळला. 1915 मध्ये बातावानांनी आपली राजधानी थामालाकाने नदीकाठी माऊन येथे आणली. आज सफारीसाठी येणारा बहुतेक प्रत्येक माणूस ज्या गावात उतरतो, त्याची सुरुवात अशी झाली.

ब्रिटिश प्रशासनाने 1940च्या दशकापासून माशीविरुद्ध जी मोहीम उघडली तिची पद्धत आज वाचताना अंगावर काटा येतो. माशीचे अन्न तोडायचे म्हणून पट्ट्यापट्ट्यांत रानटी जनावरे गोळ्या घालून मारली गेली. झाडी तोडली गेली, पुढे कीटकनाशके फवारली गेली, आणि 1970च्या दशकापासून विमानातून फवारणी सुरू झाली. माशी पूर्ण हटली ती 2001 आणि 2002च्या हवाई फवारणीनंतर. त्याच्या जोडीला कुंपणे आली. लाळ-खुरकुताचा रोग रानम्हशींकडून गुरांकडे जाऊ नये, युरोपला जाणारे गोमांस बंद पडू नये, यासाठी 1958 पासून शेकडो किलोमीटर तारेचे कुंपण घातले गेले. कालाहारीतल्या स्थलांतराच्या जुन्या वाटा त्याने तोडल्या आणि पाण्याकडे निघालेली जनावरे तारेला अडून मेली. 1982 मध्ये त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिण कडेने घातलेल्या कुंपणाने मात्र उलटे काम केले. माशी मागे हटत असताना गुरांना आत शिरण्यापासून त्याने रोखले. एकाच उपायाचे इतके विसंगत परिणाम या प्रदेशात वारंवार दिसतात.

‘सफारी’ हा शब्द इथे पूर्व आफ्रिकेतून आला. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ प्रवास. मूळ अरबी ‘सफर’, जो फारसीमार्गे मराठीतही रुळला. केनियात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या शब्दाला श्रीमंत पाहुण्यांच्या शिकारी तांड्याचा अर्थ चिकटला होता. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला केनिया स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना तिथले काही व्यावसायिक शिकारी नव्या मुलखाच्या शोधात निघाले. हॅरी सेल्बी हा त्यांतला नामवंत. ‘केर, डाउनी अँड सेल्बी’ या कंपनीसाठी तो बेचुआनालँडमध्ये आला, आणि तंबू, स्वयंपाकी, माग काढणारे आणि मोटारी यांची पूर्व आफ्रिकी घडी ओकावांगोच्या कडेला बसली. त्याच सुमारास मगरींच्या कातड्यासाठी रात्री दिव्याच्या झोतात होणारी शिकारही जोरात होती. हजारोंच्या संख्येने मगरी मारल्या गेल्या.

शिकार हाताबाहेर चालली आहे हे माऊनमधील लोकांना डोळ्यांदेखत दिसत होते. क्गोसी मोरेमी तिसरा याच्या मृत्यूनंतर 1947 पासून त्याची पत्नी पुलाने मोरेमी बातावानांचा कारभार पाहत होती. प्राण्यांसाठी राखीव जागा ठेवावी हा विचार रॉबर्ट आणि जून के या दांपत्याने तिच्यासमोर आणि लोकांसमोर मांडला. त्यावर क्गोत्लात चर्चा झाल्या. विरोधही झाला, आणि तो समजण्यासारखा होता, कारण चराई आणि शिकार या दोन्हींवर पाणी सोडायचे होते. अखेर 1963 मध्ये त्रिभुज प्रदेशाच्या पूर्व भागात मोरेमी अभयारण्य जाहीर झाले. वसाहती सरकारने वरून लादलेल्या त्या काळच्या आफ्रिकी अभयारण्यांत हे वेगळे उठून दिसते. स्थानिक समाजाने स्वतःच्या जमिनीवर स्वतः ठरवून केलेले अभयारण्य म्हणून ते ओळखले जाते. 1970च्या दशकात चीफ्स आयलंड हे सुमारे 70 किलोमीटर लांबीचे बेटही त्यात सामील झाले. नावाप्रमाणेच ते क्गोसीचे राखीव शिकारीचे रान होते.

पण ‘स्थानिक समाज’ हा एकजिनसी शब्द इथे फसवा आहे. अभयारण्याच्या हद्दीत बुगाक्वे कुटुंबे राहत होती. त्यांना तिथून उठवण्यात आले, आणि फिरत्या जगण्याची घडी मोडून त्यांची वस्ती शेवटी ख्वाई नदीच्या उत्तर काठावर, अभयारण्याच्या दाराशी वसली. बातावानांनी जे उदारपणे सोडले, त्याची किंमत ज्यांना चर्चेत सर्वांत कमी आवाज होता त्यांनी मोजली. अभयारण्याच्या गौरवाबरोबर हे सांगितले गेलेच पाहिजे.

30 सप्टेंबर 1966 रोजी बोत्स्वाना स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिऱ्यांची खाण सापडली. सफारीच्या इतिहासाशी हिऱ्यांचा संबंध दोन प्रकारे येतो. पैसा हातात आल्याने सरकारला पर्यटकांची गर्दी जमवून झटपट कमाई करण्याची निकड राहिली नाही. दुसरीकडे खाणीला पाणी हवे होते आणि ते ओकावांगोत होते. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला बोरो प्रवाहाच्या खालच्या भागात गाळ उपसून पाणी वेगाने पुढे काढण्याचा प्रयोग झाला. मागे उरला तो सरळसोट, निर्जीव कालवा. काठच्या गावांनी तो पाहिला आणि लक्षात ठेवला. 1980च्या दशकाच्या अखेरीस पाणी काढण्याची याहून मोठी योजना मंजूर झाली तेव्हा जानेवारी 1991 मध्ये माऊनच्या क्गोत्लात मंत्र्यांसमोर लोक तासन्‌तास बोलले. मासेमारी, पुराच्या ओलीवरची शेती, छपरांसाठी लागणारे बोरू, डोंग्यांची वाट असे प्रत्येकाचे कारण वेगळे, आणि मागणी एकच. सरकारने काम थांबवले, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेकडून योजनेची तपासणी करून घेतली आणि 1992 मध्ये योजना रद्द केली. आज पर्यटक ज्या प्रवाहांतून मोकोरोने फिरतात ते वाहते राहण्यात त्या बैठकीचा वाटा मोठा आहे.

छायाचित्रासाठी येणाऱ्या पाहुण्यांची सोय शिकारी तळांच्या शेजारीच सुरू झाली. सेल्बीने 1970 मध्ये ख्वाई नदीकाठी उभारलेले निवास हे या प्रकारातले सुरुवातीचे ठळक उदाहरण. माऊनला पोचणे हीच तेव्हा एक मोहीम होती. फ्रान्सिसटाऊनहून येणारा रस्ता 1980च्या दशकातही वाळूचा होता, आणि पाणी, पेट्रोल, सुटे भाग बरोबर घेऊनच निघावे लागे. म्हणूनच लहान विमाने आली. बेटावरची थोडी जागा साफ करून धावपट्टी आखली की तळ उभा राहू शकत होता. आजही विमान उतरण्याआधी वैमानिक धावपट्टीवर हत्ती किंवा हरणे नाहीत ना हे वरून पाहतो. प्रवाशाचे सामान मऊ पिशवीत आणि 15 ते 20 किलोंच्या आत असावे, हा नियम या छोट्या विमानांच्या पोटातल्या जागेतून आला आहे.

1980च्या दशकात शेजारच्या देशांतून मोटारी घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढली. ते सगळे शिधा-सामानासह येत, गर्दी करत आणि देशात फार थोडे खर्च करत. सरकारने 1989 मध्ये उद्यानांचे शुल्क एकदम वाढवले आणि 1990 च्या पर्यटन धोरणात ‘माणसे कमी, मोल जास्त’ हे तत्त्व स्वीकारले. ओकावांगोच्या भोवतालचा प्रदेश क्रमांक दिलेल्या क्षेत्रांत विभागून ती मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली गेली. प्रत्येक तळावर खाटा मोजक्या, बांधकाम लाकूड-कापडाचे, पट्टा संपला की उचलता येईल असे. निसर्गाच्या दृष्टीने ही व्यवस्था यशस्वी ठरली यात शंका नाही. पण तिचा दुसरा परिणाम असा की बोत्स्वानातल्या सामान्य माणसाला आपल्याच देशातला हा चमत्कार आतून पाहणे परवडेनासे झाले, आणि तळांची मालकी व नफा बराचसा परदेशी किंवा परदेशी वंशाच्या लोकांकडे राहिला.

त्यावर उतारा म्हणून 1990च्या दशकात गावांचे न्यास आले. सांकुयो गावाचा न्यास 1995 मध्ये स्थापन झाला, ख्वाईचा 2000 च्या सुमारास. आपल्या वाट्याच्या क्षेत्रातील शिकारीचे आणि पर्यटनाचे हक्क कंपन्यांना देऊन मिळणारे भाडे गावाने वापरायचे, अशी ही रचना. सेरोंगा येथील नावाड्यांनी 1998 मध्ये आपला स्वतंत्र न्यास उभा केला. मोकोरो आणि काठी त्यांची, दरही त्यांनी ठरवलेले. याच दशकात गुरांवर मोठे संकट आले. फुप्फुसाच्या साथीच्या रोगामुळे 1996 मध्ये न्गामीलँड या इथल्या जिल्ह्यातील सुमारे 3,20,000 गुरे सरकारने मारून टाकली. गोठा रिकामा झालेल्या घरांतली तरुण मुले तळांवर कामाला लागली, आणि पर्यटन हा जोडधंदा न राहता अनेक कुटुंबांचा मुख्य आधार झाला.

शिकारीचा प्रश्न मात्र मिटला नव्हता. जानेवारी 2014 पासून राष्ट्राध्यक्ष इयान खामा यांच्या सरकारने व्यावसायिक शिकारीवर बंदी घातली. त्याच वर्षी जूनमध्ये दोहा येथील बैठकीत ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत हजारावे स्थळ म्हणून नोंदला गेला. बाहेरच्या जगाला या दोन्ही घटना एकाच गौरवाच्या वाटल्या. कडेच्या गावांना तसे वाटले नाही. ज्या रुक्ष झाडोऱ्यात छायाचित्रे घ्यायला कोणी जात नाही तिथल्या न्यासांचे उत्पन्न बुडाले, आणि शेतात शिरणाऱ्या हत्तींचा त्रास तसाच राहिला. बोत्स्वानात सुमारे 1,30,000 हत्ती आहेत, जगात कुठल्याही देशापेक्षा जास्त. मे 2019 मध्ये पुढच्या सरकारने बंदी उठवली. गेंड्यांची कथा आणखी क्लेशदायक आहे. विसाव्या शतकात शिकारीने संपलेले गेंडे 2001 पासून चीफ्स आयलंडच्या परिसरात पुन्हा आणून सोडले गेले, वाढलेही. 2018 नंतरच्या काही वर्षांत चोरट्या शिकाऱ्यांनी इतके मारले की उरलेल्यांना तिथून हलवावे लागले.

या सगळ्या घडामोडींचा साठलेला परिणाम आजच्या सफारीच्या आखणीत दिसतो. मोरेमी अभयारण्यात दिवसाउजेडीच आणि आखलेल्या रस्त्यांवरूनच गाडी नेता येते. भाडेपट्ट्याच्या क्षेत्रांत रात्रीची फेरी, पायी भ्रमंती, रस्ता सोडून मागावर जाणे शक्य असते, कारण ती मूळची शिकारीची क्षेत्रे आणि तिथले नियम वेगळे. स्वतः गाडी चालवणारे थर्ड ब्रिज किंवा झाकानाकासारख्या सार्वजनिक तळांवर उतरतात. मोपाने झाडाच्या बल्ल्यांचे पूल ओलांडत, पाण्याची खोली अजमावत केलेला तो प्रवास कष्टाचा असला तरी खर्चाने आटोपशीर. माऊनजवळच्या बोरो गावाहून नावाड्यांबरोबर एक-दोन रात्री बेटावर काढणारे सर्वांत कमी पैशांत सर्वांत जुन्या पद्धतीने प्रदेश पाहतात. डोंगे आता बहुधा फायबर ग्लासचे असतात. एका मोकोरोसाठी एक मोठे झाड जाते आणि ते काही वर्षांतच कुजते, म्हणून हा बदल जाणीवपूर्वक केला गेला.

महिन्याची निवड अजूनही पुरावरच ठरते. जून ते ऑगस्ट पाणी भरलेले, हवा कोरडी, पहाटे कडाक्याची थंडी आणि मोकोरोला उत्तम काळ. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी उतरू लागते, ऊन तापते आणि जनावरे उरलेल्या पाण्याभोवती दाटतात; मोठे प्राणी पाहायचे तर हेच दिवस, आणि दरही तेव्हा सर्वांत चढे. नोव्हेंबरपासून पाऊस, हिरवळ, लेच्वे आणि इम्पाला हरणांची पाडसे, दूरदेशीचे पक्षी, अर्ध्यावर आलेले दर आणि हिवतापाचा वाढलेला धोका. मुंबईहून माऊनला थेट विमान नाही. बहुतेक लोक जोहान्सबर्गमार्गे जातात, म्हणून जाण्यायेण्यात एकेक दिवस धरावा लागतो.

पण कोणत्याही पुस्तकातला महिना यंदाच्या पुराची खात्री देत नाही. 2010 आणि 2011 मध्ये इतके पाणी आले की दशकांमागे आटलेले न्गामी सरोवर पुन्हा भरले. 2019 मध्ये पूर इतका क्षीण होता की एरवी डोंगे चालतात तिथे धूळ उडत होती आणि चिखलात रुतलेले पाणघोडे मरत होते. उगमाकडचा अंगोला 2002 पर्यंत यादवी युद्धात होता. शांतता आल्यावर तिथे शेती, धरणे, रस्ते यांच्या योजना पुढे येत आहेत. नामिबियाच्या हद्दीत कावांगो खोऱ्यात 2021 पासून तेलासाठी विहिरी खणल्या गेल्या. तिन्ही देशांनी 1994 मध्ये स्थापन केलेल्या आयोगात या पाण्याविषयी चर्चा होते.

मोहेंबो येथे नदीची पातळी 1930च्या दशकापासून मोजली जाते. एप्रिलमध्ये तिथला आकडा हाती आला की खालच्या तळांवरची माणसे कामाला लागतात. कोणती धावपट्टी पाण्याखाली जाईल, कोणत्या बेटावर गाड्या आधीच नेऊन ठेवायच्या, कोणत्या पाहुण्यांना गाडीऐवजी मोकोरो द्यायचा, हे त्यावरून ठरते. त्यानंतर आठवड्यामागून आठवडे पाणी वाळूत मुरत, पुन्हा वर येत, सुकलेल्या पात्रातून माणसाच्या चालीपेक्षाही हळू पुढे सरकते. ते थामालाकानेत शिरते तेव्हा माऊनमधील लोक काठावर येऊन उभे राहतात.